ताशी तीन मैल

ऑक्सफर्डच्या उत्तरेला बॅनबरी नावाचं गाव आहे. तिथल्या कालव्याच्या काठावर आज एक मोठं शॉपिंग सेंटर आहे, आणि त्याला लागून, म्युझियमच्या आवारात, बोटी दुरुस्त करायची एक जुनी गोदी जपून ठेवली आहे. बोट आत घ्यायची, पाणी सोडून द्यायचं आणि कोरड्या पडलेल्या तळाची डागडुजी करायची, असं तिथलं काम. या जागेचं नाव टूलीज बोटयार्ड.

जुलै १९३९ मध्ये टॉम रोल्ट नावाचा २९ वर्षांचा इंजिनिअर नुकतंच लग्न झालेल्या बायकोला, अँजेलाला, घेऊन इथून निघाला. बोटीचं नाव ‘क्रेसी’. सात फूट रुंद, सत्तर फूट लांब. म्हणजे रुंदी आपल्याकडच्या टेम्पोएवढी आणि लांबी साधारण दोन एसटी बसएवढी. कधीकाळी माल वाहणाऱ्या या लाकडी बोटीत रोल्टनं राहायच्या खोल्या केल्या होत्या, पुस्तकांची कपाटं बसवली होती, आंघोळीचा टबही बसवला होता. वेग ताशी तीन मैल. आपण जरा झपझप चाललो तर एवढंच अंतर कापतो. चार महिन्यांत ती दोघं सुमारे चारशे मैल फिरली.

आज नॅरोबोटचे व्हिडिओ बघताना जो निवांतपणा दिसतो, तो या प्रवासापासून सुरू होतो असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. हिरवं शेत, संथ पाणी, छपरावर फुलांच्या कुंड्या, हातात चहाचा मग. पण हे कालवे निवांतपणासाठी कुणी खोदले नव्हते. ते खोदले घाईसाठी.

*

१७६० च्या आसपास इंग्लंडमधल्या रस्त्यांची अवस्था वाईट होती. पावसाळी महिन्यांत गाड्या चिखलात रुतायच्या. खडबडीत रस्त्यावर गाडीला जुंपलेला घोडा जेमतेम एक-दोन टन ओढू शकायचा. तोच घोडा काठावरून चालत पाण्यावरची बोट ओढायला लागला, की पंचवीस-तीस टन सहज ओढायचा. सगळ्या कालव्यांचं अर्थशास्त्र या एका आकड्यात आहे.

ब्रिजवॉटरच्या ड्यूकच्या वर्स्ली इथं कोळशाच्या खाणी होत्या आणि काही मैलांवरच्या मँचेस्टरला कोळसा हवा होता. १७६१ मध्ये त्याचा कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरमधला कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. मग इतरांचीही चक्रं फिरली. स्टॅफर्डशायरमधला जोसाया वेजवुड चिनीमातीची भांडी बनवायचा. खड्ड्यांच्या रस्त्यावरून भांडी पाठवली की पोहोचेपर्यंत त्यातली कितीतरी फुटलेली असायची. त्यानं ट्रेंट अँड मर्सी कालव्यासाठी जोर लावला, १७६६ मध्ये पहिली कुदळ स्वतः मारली आणि नवा कारखाना थेट कालव्याच्या नियोजित काठावर बांधला.

दोन्ही कालव्यांमागे नाव एकच : जेम्स ब्रिंडली. हा मूळचा गिरण्यांची यंत्रं बनवणारा कारागीर, शाळा जवळजवळ न शिकलेला. ट्रेंट अँड मर्सीच्या वाटेत हेअरकॅसलची टेकडी होती. तिच्या पोटातून अडीच किलोमीटरपेक्षा लांब बोगदा काढायचा होता, तोही हातानं खणून. बोगदा जितका रुंद तितका खर्च जास्त. शिवाय चढ-उतारावर ‘लॉक’ लागतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला पाण्याचा हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं, वरचं पाणी सोडायचं. हौद भरतो तशी बोट वर उचलली जाते. प्रत्येक वेळी साधारण एक लाख लिटर पाणी वरून खाली जातं. हौद जितका मोठा, तितकं पाणी वाया. ब्रिंडलीनं हिशेब केला आणि लॉकची रुंदी ठरवली : सात फूट.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही पुढची गोष्ट ओळखीची वाटेल. एका प्रोजेक्टचा खर्च वाचवायला घेतलेला निर्णय पुढच्या सगळ्यांसाठी स्टँडर्ड बनतो. शेजारच्या कालव्याशी जोडायचं तर तुमचेही लॉक सात फुटांचे हवेत, नाहीतर एकीकडची बोट दुसरीकडे जाणार नाही किंवा बांधकामाचे पैसे फुकट जातील. मध्य इंग्लंडभर सात फुटांचं जाळं पसरलं. १७९० मध्ये ऑक्सफर्डपर्यंत कालवा पोहोचला आणि ट्रेंट, मर्सी, सेव्हर्न आणि थेम्स या चार नद्या एकमेकींशी जोडल्या गेल्या. हे बघायला ब्रिंडली नव्हता. तो १७७२ मध्येच वारला होता. हेअरकॅसलचा बोगदा त्याच्यानंतर पाच वर्षांनी पुरा झाला.

त्या बोगद्यात घोड्यासाठी वाट नव्हती. घोडा टेकडीवरून नेला जायचा आणि आत बोटीवर आडवी झालेली माणसं बोगद्याच्या भिंतीवर पाय रोवून, ‘चालत चालत’ बोट पुढे सरकवायची. मिट्ट काळोखात, पाठीवर पडून, दोन-तीन तास. निवांत प्रवासाच्या पोटातला हा पहिला अंधार.

*

मग रेल्वे आली. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग सुरू झाला आणि ब्रिंडलीचे सात फूट आता गळ्याशी आले. रेल्वेशी स्पर्धा करायची तर बोट मोठी हवी, बोट मोठी करायची तर लॉक मोठे हवेत, आणि ते शेकडो होते. बरेचसे कालवे रेल्वे कंपन्यांनीच विकत घेतले. जे उरले त्यांनी टिकायचा एकच मार्ग शोधला : भाडं कमी करा. भाडं कमी झालं तशी बोटवाल्याची कमाई घसरली.

कमाई घसरल्यावर दोन खर्च कापता येतात. एक घरभाडं, दुसरा मदतनीसाची मजुरी. बोटवाल्यांनी दोन्ही एकाच फटक्यात कापले. घर सोडलं आणि बायकामुलांना घेऊन ते बोटीवर राहायला आले. बोटीचा बहुतेक भाग मालासाठी. कुटुंबासाठी मागच्या बाजूला साधारण दहा फूट लांब आणि सात फुटांहूनही अरुंद केबिन. तिथंच चूल, तिथंच दिवसा घडी होणारा पलंग, तिथंच बाळंतपण. कपाटाचं दार खाली पाडलं की तेच टेबल. या केबिनींवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले आज स्मृतिवस्तूंच्या दुकानात कपबशांवर मिळतात. ते एवढ्या जागेत घरपण आणायची धडपड होते.

बायको सुकाणू धरायची, मुलं घोडा हाकायची, लॉकची दारं पाठीनं रेटायची. पगार फक्त नवऱ्याच्या नावानं, तोही फेरीवर. माल भरायला दोन दिवस ताटकळत बसावं लागलं तर ते दिवस बिनकमाईचे, म्हणून निघालं की पहाटेपासून रात्रीपर्यंत थांबायचं नाही. पुढच्या लॉकपाशी आपल्याआधी दुसरी बोट पोहोचू नये यासाठी चढाओढ आणि कधीकधी मारामाऱ्या. शाळा कुठली? एका गावात मुक्कामच नाही. जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकानं आरडाओरडा केल्यावर १८७७ मध्ये कायदा झाला, बोटींची नोंदणी आली, एका केबिनमध्ये किती माणसं राहू शकतात याला मर्यादा आली. तपासणीची धड व्यवस्था यायला १८८४ उजाडलं.

एक तपशील मला विसरता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा मालवाहू बोटी चालवायला तरुण मुलींना प्रशिक्षण दिलं गेलं. त्यांच्या बिल्ल्यावर ‘इनलँड वॉटरवेज’ची आद्याक्षरं होती, आय आणि डब्ल्यू. लोकांनी त्याचा गमतीत अर्थ लावला ‘आयडल विमेन’, रिकामटेकड्या बायका. पुढे त्या मुलींनी आठवणी लिहिल्या आणि तेच नाव अभिमानानं मिरवलं गेलं. पण त्यांच्या शेजारून जाणाऱ्या बोटींवर ज्या बायका जन्मापासून हेच काम करत होत्या, त्यांना बिल्लाही नव्हता आणि स्वतःच्या नावाचा पगारही नव्हता.

*

रोल्ट या जगातून जात होता ते हे जग संपत आलं असताना. तो काही यंत्रांचा शत्रू नव्हता. त्यानं स्टोकमधल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी केली होती, जुन्या मोटारींचं त्याला वेड होतं. पण कारखान्यातलं, माणसाला पुर्जा करणारं काम त्याला नकोसं झालं होतं. कालव्यावर त्याला हातानं काम करणारी, आपल्या कामाचा अभिमान असलेली माणसं दिसली. त्यांच्याविषयी लिहिताना तो कधीकधी हळवा होतो, त्यांच्या कष्टांवर जरा सोनेरी ऊन पाडतो, हे खरं. तरी त्या माणसांचं म्हणणं ऐकून लिहून ठेवणारे फार थोडे होते.

प्रवासातच सप्टेंबर उजाडला आणि युद्ध सुरू झालं. हस्तलिखित काही प्रकाशकांनी परत पाठवलं. अखेर डिसेंबर १९४४ मध्ये ‘नॅरो बोट’ पुस्तक आलं. युद्धाला, रेशनिंगला कंटाळलेल्या वाचकांनी ते उचलून धरलं. वाचकांतलाच एक होता रॉबर्ट एकमन. त्यानं रोल्टला पत्र लिहिलं, १९४५ मध्ये टार्डेबिग इथं क्रेसीवर येऊन भेटला आणि १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ उभी राहिली.

त्यांची एक लढाई मजेशीर आहे. बर्मिंगहॅमजवळ लिफर्ड लेनवरचा उचलता येणारा पूल नादुरुस्त झाल्यावर कालव्याची मालक असलेल्या रेल्वे कंपनीनं तिथं बुटका, न हलणारा पूल टाकून दिला होता. कायद्यानं मात्र कालवा वाहतुकीला खुला होता. १९४७ मध्ये रोल्टनं रीतसर नोटीस दिली : अमुक दिवशी माझी बोट येणार आहे. कंपनीला माणसं आणि जॅक पाठवून पूल उचलावा लागला आणि क्रेसी खालून गेली. वापर थांबला तर हक्क जातो, हे त्यांना नीट कळलं होतं.

पण वापर कुणाचा, यावर दोघांचं फाटलं. एकमनला मैलन् मैल कालवा वाचवायचा होता. सहलीच्या बोटी आल्या तर उत्तमच. रोल्टला आधी मालवाहतूक आणि त्यावर जगणारी माणसं वाचवायची होती. १९५१ च्या सुरुवातीला संघटनेनं आपल्या संस्थापकालाच बाहेर काढलं. त्याच वर्षी क्रेसीचं लाकूडही खंगलं आणि तिचे दिवस संपले.

जिंकला एकमन. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, माल ट्रकवर गेला आणि बराचसा परतलाच नाही. १९६८ च्या कायद्यानं अनेक कालव्यांना नौकाविहारासाठी अधिकृत जागा दिली. १९७० मध्ये लंडनच्या साउथॉलमधल्या जॅमच्या कारखान्याला कोळसा पोचवणारी फेरी थांबली, तेव्हा लांब पल्ल्याची नियमित वाहतूक जवळपास संपलीच. कालवे वाचले, बोटवाले वाचले नाहीत. एकमननं हट्ट धरला नसता तर कदाचित दोन्ही गेले असते, हेही तितकंच खरं.

*

आज इंग्लंड-वेल्समधले सुमारे दोन हजार मैल जलमार्ग एक धर्मादाय संस्था सांभाळते. २०२३ मध्ये सरकारनं जाहीर केलं, की २०२७ नंतर तिचं अनुदान टप्प्याटप्प्यानं कमी होईल. अडीचशे वर्षं जुने बांध, बोगदे आणि दारं मात्र त्या हिशेबानं जुनी व्हायची थांबणार नाहीत.

आणि लंडनमध्ये एक जुनी गोष्ट नव्यानं घडते आहे. घरभाडं परवडत नाही म्हणून कितीतरी तरुण नॅरोबोटीवर राहायला गेले आहेत. कायमचा थांबा नसेल तर नियम असा, की एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. मग दर दोन आठवड्यांनी घर पुढे न्यायचं आणि ऑफिसला जायचा रस्ता पुन्हा नव्यानं शोधायचा. कुणी हे आवडीनं करतात, कुणी नाइलाजानं. काठावरून फोटो काढणाऱ्याला दोघांच्याही छपरावरच्या कुंड्या सारख्याच दिसतात.

जुन्या कालव्यांवर पुलाखालच्या कोपऱ्यात दगडावर किंवा त्यावर ठोकलेल्या लोखंडी पट्टीवर खोल खाचा असतात. बोट ओढणारा दोर शंभरेक वर्षं तिथं घासत राहिला, ओल्या दोरातल्या रेतीनं लोखंड कापलं. बोटीतून जाताना त्या सहसा लक्षात येत नाहीत. उतरून घोड्याच्या वाटेनं चालत गेलं की दिसतात, आणि त्यांत बोट अलगद बसतं.