सांताक्रूझ ते सहार : मुंबई विमानतळाची स्थलनामे आणि प्रवाशाची वाट

मुंबईत विमान पकडण्यासाठी निघालेल्या प्रवाशाला मार्गदर्शक पुस्तिका प्रथम एकच गोष्ट बजावते : आपले टर्मिनल कोणते, याची खात्री करून घ्या. ही सूचना वरकरणी व्यावहारिक असली तरी तिच्यामागे सुमारे एका शतकाचा इतिहास दडलेला आहे. मुंबईचा विमानतळ एका आराखड्यानुसार उभा राहिला नाही. पाऊस, युद्ध आणि जागेची टंचाई यांनी त्याला टप्प्याटप्प्याने आकार दिला. त्याच्या स्थलनामांत हे टप्पे कसे उमटले आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुंबईच्या नागरी हवाई वाहतुकीचा प्रारंभ जुहू येथे झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन येथेच उतरले. तथापि समुद्रालगतची ही सखल जमीन पावसाळ्यात पाण्याखाली जात असे आणि मग टपालविमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जुहूच्या पूर्वेस सांताक्रूझ येथे ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. युद्धोत्तर काळात मोठ्या विमानांसाठी तोच सोयीचा ठरला आणि मुलकी वाहतूक तेथे गेली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि मुंबईचे नाव आंतरराष्ट्रीय मार्गांवर ठळक झाले.

परंतु जुहू बंद झाले नाही. इतक्या जवळ दोन धावपट्ट्या असल्याचा परिणाम प्रवाशांआधी वैमानिकांना भोगावा लागला. १९५३ मध्ये एका ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमान आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. पहिले बचावले, दुसरे धावपट्टी ओलांडून पुढे गेले व निकामी झाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

‘सांताक्रूझ विमानतळ’ हे नावही तसे दिशाभूल करणारेच होय. १९५८ साली सुरू झालेली टर्मिनलची इमारत प्रत्यक्षात विलेपार्ले पूर्वेस आहे. नाव ऐकून सांताक्रूझ स्थानकावर उतरणाऱ्या नवख्या प्रवाशाची पायपीट हा अनेक पिढ्यांचा अनुभव असावा.

सत्तरच्या दशकात जंबो जेट आले, आखाती देशांकडे नोकरीसाठी जाणाऱ्यांची संख्या वाढली आणि ही इमारत अपुरी पडू लागली. आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी स्वतंत्र टर्मिनल बांधावे, अशी शिफारस टाटा समितीने १९६७ नंतर केलेली होती. सप्टेंबर १९७९ मध्ये जुन्या टर्मिनलला आग लागली आणि ही निकड अधिकच तीव्र झाली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी अंधेरी पूर्वेस सहार गावाजवळ नवे टर्मिनल कार्यान्वित झाले. धावपट्ट्या त्याच राहिल्या, त्याही एकमेकींना छेदणाऱ्या. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. प्रवाशांसाठी मात्र दोन दारे झाली. ‘सांताक्रूझ म्हणजे देशांतर्गत, सहार म्हणजे परदेशी’ हे समीकरण मुंबईकरांच्या मनात पक्के बसले.

१९९९ मध्ये विमानतळास छत्रपती शिवाजी यांचे नाव देण्यात आले व २०१८ मध्ये त्यास ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. २००६ मध्ये व्यवस्थापन खासगी भागीदारीकडे गेले. २०१४ साली सहार येथे नवे टर्मिनल २ सुरू झाले. तेथून अनेक देशांतर्गत उड्डाणेही होऊ लागल्याने जुने समीकरण मोडले. बोलण्यात मात्र ते टिकून आहे, आणि चुकीच्या दारी पोहोचणाऱ्यांचे मूळ बहुधा तेथेच शोधावे लागेल. २०२४ मध्ये भुयारी मेट्रोने दोन्ही टर्मिनलांना स्वतंत्र स्थानके दिली. ‘सहार रोड’ हे तिसरे स्थानक त्यांच्या मध्ये आहे.

पुस्तिकांच्या नकाशात जे येत नाही, तेही या इतिहासाचाच भाग आहे. सहारचे जुने गावठाण, तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज आणि विमानतळाच्या जमिनीवर वसलेल्या झोपडपट्ट्या यांना प्रवाशाच्या वाटेत स्थान नाही. टर्मिनल २ मधील भव्य कलाभिंतीचे वर्णन सर्वत्र आढळते. भिंतीपलीकडील अशाच एका वस्तीचे जीवन वाचकांसमोर आले ते कॅथरिन बू यांच्या २०१२ मधील ग्रंथामुळे. नवे टर्मिनल हे शहराचे वैभव असेल, तर या वस्त्यांचा प्रश्न हा त्याच बांधकामाच्या हिशेबातील न लिहिलेला खर्च मानावा लागतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलवे परिसरातील टेकडी कापण्यात आली, नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि गावे अन्यत्र हलवण्यात आली. प्रवाशाला आता टर्मिनलआधी विमानतळच कोणता, हे पाहावे लागते. जुहूच्या मूळ धावपट्टीवरून हेलिकॉप्टरे समुद्रातील तेलक्षेत्राकडे ये-जा करीत असतात.