शिखरावरून खाली उतरणारा हिशेब

हिमशिखराच्या मोहिमेची आखणी माथ्यापासून सुरू होते. शेवटच्या तंबूत किती जण झोपणार, त्यांना प्राणवायू किती, बर्फ वितळवून पाणी करायला इंधन किती, ते ओझे तिथवर कोण वाहणार आणि वाहणाऱ्यांच्या पोटापाण्याचे काय, असा हिशेब एकेक मुक्काम उतरत बेस कॅम्पवर येतो. या पद्धतीचे कूळ सहसा किल्ल्याच्या वेढ्याशी जोडतात. मला ते पटत नाही. झाशीचा 1858 चा वेढा पाहा. त्याचा वृत्तांत लिहिणारे वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा झाशीत अडकले होते. राणीच्या मदतीला निघालेल्या तात्या टोप्यांच्या फौजेला वेढा घालणारा इंग्रज सेनापती ह्यू रोज याने 1 एप्रिलला बेतवाकाठी हरवले आणि बाहेरून मदत येण्याची आशा संपली. वेढ्याचे सारे बळ असे आतल्यांची रसद तोडण्यात असते. पर्वताची कसली रसद तोडणार? तिथे ताटकळणाऱ्याचीच शिदोरी संपते आणि 8,000 मीटरच्या वर तर शरीर झोपेतही खचत जाते. खरा पूर्वज ध्रुवप्रदेशात सापडतो. दक्षिण ध्रुवाकडे निघण्याआधी, 1911 च्या आरंभी, आमुन्सेनने 80, 81 आणि 82 अक्षांशांवर अन्नाचे साठे पुरून ठेवले होते. पुढे जाणाऱ्याचे जेवण त्याच्याआधी तिथे पोचलेले असावे, हेच या तंत्राचे बीज.

यावर कोणी म्हणेल, 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेचा नेता ब्रिगेडियर जनरल ब्रूस, 1953 चा कर्नल हंट. मग हे लष्करी तंत्र नाही तर काय? याद्या, तुकड्या, वेळापत्रक ही शिस्त लष्कराचीच, हे मान्य. पण यादीतले आकडे आले ते शरीरशास्त्रातून. विरळ हवेत माणसाचे काय होते याचा अभ्यास करणारे केलास 1921 च्या मोहिमेत वाटेतच वारले; 1953 च्या मोहिमेसाठी ग्रिफिथ प्यूने चढणाऱ्याला प्राणवायू आणि पाणी किती लागते ते मोजून दिले. त्या वर्षी 26 मे रोजी हंट आणि दा नामग्याल यांनी सुमारे 8,300 मीटरवर ओझे ठेवले आणि ते परतले. दोन दिवसांनी लो, ग्रेगरी, आंग न्यिमा, हिलरी आणि तेनझिंग यांनी आधीच जड असलेल्या आपल्या पाठींवर तेच ओझे चढवून सुमारे 8,500 मीटरवर शेवटचा मुक्काम गाठला. तिघे खाली गेले, दोघे तिथे झोपले आणि 29 मेला माथ्यावर पोचले. त्या दोघांच्या यशात या ओझ्याचा वाटा फार मोठा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1975 मध्ये मेसनर आणि हाबेलर हिडन पीकवर मुक्कामांची साखळी न लावता, प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय चढले. मग हा हिशेब जुना झाला का? उलट तो जास्त काटेकोर झाला. सगळेच पाठीवर असेल तर एक जादा दिवस म्हणजे जादा इंधन, आणि जादा इंधन म्हणजे मंदावलेली चाल. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’च्या मोहिमेत उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली 19 मे 2012 रोजी आठ जण एव्हरेस्टवर पोचले, तिथे गणित दुसऱ्या टोकाला ताणलेले होते. दोघांऐवजी आठ जण वर न्यायचे, तर शेवटच्या मुक्कामावर वाढलेला प्रत्येक माणूस खालच्या सगळ्या मुक्कामांवर जागा, जेवण आणि शेर्पांच्या फेऱ्या मागतो.