कराची–जुहू : दोन विमानतळांमधील अंतर

फोपनारहून विमान गाठायचे तर आम्हांला इंदूरची वाट धरावी लागते. त्यामुळे विमानाच्या गोष्टी आमच्याकडे ऐकीवच अधिक. तरीही फाळणीनंतर बऱ्हाणपूरला येऊन स्थायिक झालेल्या एका सिंधी वृद्ध गृहस्थांनी मला एकदा विचारले, "साहेब, मुंबईहून कराची किती लांब?" प्रवासभत्त्याची देयके तपासण्यात माझी बरीच शासकीय सेवा गेली. पण या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येईना.

सरळ रेषेत हे अंतर सुमारे पावणेनऊशे किलोमीटर भरते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी सकाळी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून 'पस मॉथ' हे एका इंजिनाचे चिमुकले विमान एकट्याने उडवले. इंग्लंडहून इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेले टपाल त्यात होते. वाटेत अहमदाबादला इंधनासाठी उतरणे भाग होते, आणि तेथे इंधनाचे डबे आले ते बैलगाडीतून! दुपारी दोनच्या सुमारास विमान जुहूला पोहोचले. वळसा धरून हजारावर किलोमीटर आणि थांब्यासह सुमारे सात तास. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचा तळ म्हणजे समुद्राकाठची चिखलट जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, तेव्हा पुण्याचा आसरा घ्यावा लागे. सर टॉमस रो यास 1615 साली नुसते सुरतेहून बऱ्हाणपूरला येण्यास पंधरवडा लागला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सात तासांची किंमत कळते.

त्या काळी हा प्रवास परदेशचा नव्हता, हे आपण विसरतो. 1 एप्रिल 1936 रोजी वेगळा प्रांत होईपर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. मुंबईचे अधिकारी तिकडे बदलून जात. कराचीतील एक नामांकित शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने उभी आहे.

टाटांनी 1962 साली, आणि पुन्हा 1982 साली वयाच्या 78व्या वर्षी, त्याच वाटेने 'लेपर्ड मॉथ' हे जुने विमान चालवत आणले. विमान जुने, वैमानिक वृद्ध. पण वाट खुली होती.

आज या दोन शहरांमध्ये थेट विमानसेवा नाही. एप्रिल 2025 मध्ये तर दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपले आकाशच बंद केले. दुबईमार्गे जायचे म्हटले तर तीन हजारांहून अधिक किलोमीटर पडतात, आणि तेथे ताटकळण्याचे तास वेगळेच. जेट विमान असूनही 1932 च्या सात तासांत हा प्रवास पुरा होणे कठीण. प्रवासभत्त्याच्या नियमात 'सर्वांत जवळचा मार्ग' असे शब्द असत. येथे तो मार्ग लिहायचा तरी कोणता?

त्या गृहस्थांना मी दोन्ही आकडे सांगितले. त्यांनी पहिलाच तेवढा कागदाच्या कपट्यावर लिहून घेतला.