स्फॅग्नम मॉस : घरगुती लागवड

स्फॅग्नम हा शेवाळी (मॉस) वनस्पतींचा एक वंश असून त्यात सुमारे ३८० जाती मोडतात. उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांतल्या आम्लधर्मी दलदली हे त्याचे मुख्य वसतिस्थान. भारतात तो हिमालयात व ईशान्येकडील डोंगराळ भागात आढळतो. ऑर्किड आणि कीटकभक्षी वनस्पती जोपासणाऱ्यांना तो बहुधा वाळलेल्या, पिवळट तंतूंच्या स्वरूपात माहीत असतो. हे वाळवलेले मॉस प्रामुख्याने न्यूझीलंड व चिली या देशांतून निर्यात होते. जिवंत स्फॅग्नम घरीही वाढवता येते. त्याला माती लागत नाही, खत तर नकोच असते. लागते ते क्षार जवळजवळ नसलेले पाणी, आणि लागवडीचे यशापयश मुख्यतः त्यावरच ठरते.

स्फॅग्नमला मुळे नसतात. खोडाच्या टोकाशी आखूड, कोवळ्या फांद्यांचा दाट गुच्छ असतो व वाढ या शेंड्यातूनच होते. खालचा भाग हळूहळू मरत जातो; दलदलीत त्याचेच थरावर थर साचून पीट तयार होते. पान अवघे एका पेशीच्या जाडीचे असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात अरुंद, हिरव्या, जिवंत पेशींचे जाळे दिसते आणि जाळ्याच्या प्रत्येक घरात एक मोठी, रिकामी, मृत पेशी दिसते. या मृत पेशींच्या भिंतींना छिद्रे असतात आणि आतून वलयाकार पट्ट्यांचा आधार असतो, म्हणून पाणी निघून गेले तरी त्या मिटत नाहीत. कोरड्या वजनाच्या १६ ते २६ पट पाणी धरून ठेवण्याची क्षमता या रचनेतून येते. याच शोषकतेमुळे, पहिल्या महायुद्धात कापसाचा तुटवडा पडला तेव्हा, ब्रिटनमध्ये जखमा बांधण्यासाठी स्फॅग्नमच्या गाद्या शिवल्या जात. १९१८ पर्यंत त्यांची संख्या महिन्याला १० लाखांपर्यंत गेली होती. लागवड करणाऱ्याला याच मृत पेशी पाण्याची स्थिती सांगतात : त्यांत हवा शिरली की शेंडे पांढरट पडतात. असा फिकटपणा दिसताच पाणी दिल्यास मॉस बहुधा सावरते. पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत वाळल्यास मात्र बराचसा भाग मरतो.

पाण्याचे महत्त्व समजण्यासाठी पेशीभित्तिकेकडे पाहावे लागते. तिच्यातील युरॉनिक आम्ले पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे आयन धरून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजन आयन सोडतात. त्यामुळे भोवतालचे पाणी आम्लधर्मी होते. दलदलीत त्याचा सामू ४ च्या आसपास येतो आणि इतर बहुतेक वनस्पतींना तेथे टिकाव धरता येत नाही. कठीण पाणी सतत मिळाल्यास ही देवाणघेवाण थकते, बायकार्बोनेटमुळे आम्लता नाहीशी होते आणि मॉस तपकिरी पडून कुजते. दख्खनच्या बेसाल्टमधील विहिरींचे व बोअरचे पाणी बहुधा कठीण असते, त्यामुळे ते टाळणेच योग्य. पावसाचे पाणी सर्वोत्तम. मात्र पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावरच ते साठवावे. ऊर्ध्वपातित पाणीही चालते. घरच्या आरओ यंत्राचे पाणी तपासूनच वापरावे, कारण चवीसाठी अनेक यंत्रांत क्षार पुन्हा मिसळले जातात. टीडीएस मीटरवर ५० पीपीएमच्या खालचा आकडा समाधानकारक मानला जातो. पाणी उकळल्याने काठिण्याचा काही भाग खाली बसतो, उरलेले क्षार तसेच राहतात. म्हणून उकळणे हा उपाय नव्हे.

सुरुवात शक्यतो जिवंत शेंड्यांपासून करावी. वाळलेल्या मॉसमध्येही कधीकधी जीव धरून राहिलेले तुकडे असतात व ओलावा मिळाल्यावर काही महिन्यांनी त्यांतून हिरवे कोंभ फुटतात, पण याची खात्री देता येत नाही. उथळ प्लॅस्टिकचा डबा किंवा ट्रे घेऊन त्यात चार-पाच सेंटिमीटर वाळलेले मॉस भिजवून पसरतात. मातीच्या कुंडीतून क्षार झिरपण्याचा धोका असतो, म्हणून ती टाळतात. वर दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे जिवंत शेंडे टोके वर करून जवळजवळ लावतात आणि तळाशी थोडे पाणी कायम राहील असे पाहतात. पाण्याची पातळी शेंड्यांच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली असावी; मॉस बुडून राहिले तर ते लांबट, विरळ होते आणि त्यावर शैवल माजते. सुरुवातीचे काही आठवडे पारदर्शक झाकण ठेवल्यास हवा दमट राहते. झाकण रोज थोडा वेळ उघडावे, नाहीतर बुरशी धरते.

प्रकाश भरपूर हवा, पण दुपारचे थेट ऊन नको. पूर्वेची खिडकी किंवा एलईडी दिवा पुरतो. कमी उजेडात शेंडे सुटे, लांबट व फिक्या हिरव्या रंगाचे होतात. चांगल्या उजेडात ते घट्ट राहतात आणि काही जातींत लालसर छटा येते. खरी कसोटी उष्णतेची. साधारण १० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात वाढ चांगली होते. ३० अंशांपलीकडे, विशेषतः रात्रीही उकाडा टिकल्यास, ती मंदावते. महाबळेश्वरला किंवा पुणे-नाशिकच्या हिवाळ्यात जे सहज साधते, ते विदर्भाच्या उन्हाळ्यात घरातील थंड खोलीशिवाय कठीण आहे. उन्हाळ्यात झाकण काढून हवा खेळती ठेवल्यास बाष्पीभवनाने मॉस थोडे थंड राहते, मात्र तेव्हा पाण्याकडे रोज लक्ष द्यावे लागते.

खत घालण्याचा मोह आवरावा. पोषकद्रव्ये वाढताच हिरवे-निळे चिकट शैवल आणि इतर शेवाळी जाती स्फॅग्नमला झाकून टाकतात. शैवल दिसल्यास वरचे निरोगी शेंडे कापून नव्या डब्यात हलवणे, हाच सर्वांत विश्वासार्ह उपाय. हाताळताना हातमोजे घालावेत, जखम असल्यास तर अवश्य. स्फॅग्नमवर वाढणाऱ्या स्पोरोथ्रिक्स बुरशीमुळे त्वचेचा चिवट संसर्ग होतो; १९८८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधून आलेल्या मॉसमुळे १५ राज्यांतील ८४ जणांना तो झाला होता.

थर घट्ट भरला की वरचे तीन-पाच सेंटिमीटर कात्रीने कापून घेता येतात. उरलेल्या बुंध्यांना बाजूने नवे कोंभ फुटतात. कॅनडात उकरलेल्या पीटभूमी पुन्हा हिरव्या करताना याच गुणाचा उपयोग होतो : एका क्षेत्रातील मॉसचे तुकडे सुमारे दहापट क्षेत्रावर पसरून वर पेंढ्याचे आच्छादन घालतात. पीटभूमी पृथ्वीच्या जमिनीचा सुमारे ३ टक्के भाग व्यापतात, पण मातीतील कार्बनचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांत साठलेला आहे. म्हणून ऑर्किड किंवा ड्रॉसेरासारख्या कीटकभक्षी वनस्पतीच्या कुंडीपुरते मॉस घरी वाढवणे हे दलदलीतून काढलेले विकत घेण्यापेक्षा श्रेयस्कर ठरते. कापलेले शेंडे लगेच लावायचे नसतील, तर पाणी निथळून ते सैल बांधलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्यास काही आठवडे ताजे राहतात.