डाख पारखणारा कॅमेरा

ताडोबाच्या जंगलात वाघांची छायाचित्रे टिपणाऱ्या कॅमेरा ट्रॅपमध्ये सर्किट बोर्ड असतो आणि त्यावरील सुटे भाग सोल्डरच्या बारीक डाखांनी जोडलेले असतात. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. दिवसा तापण्याच्या व रात्री निवण्याच्या फेऱ्यांत कच्चा डाख तडकू शकतो. यंत्र बंद पडले की वाघाची नोंद हुकते. असे दोष कारखान्यातच पकडण्यासाठी स्वयंचलित प्रकाशीय तपासणी, अर्थात ‘एओआय’, वापरली जाते. वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून कॅमेरा डाखांची चित्रे घेतो. संगणक ती निर्दोष नमुन्याशी ताडून अपुरे सोल्डर, दोन डाखांचा नको तेथे झालेला जोड किंवा सरकलेला भाग दाखवतो. मात्र चिपच्या पोटाखालचे डाख त्याला दिसत नाहीत. तेथे क्ष-किरण तपासणीच करावी लागते.