पाठाचे पान

वाचकहो, मोडीतले जुने पत्र पाहिले आहे ना? आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवीत जायची. शब्द कुठे संपला, ते वाचणाऱ्याने ओळखावे! दफ्तरातल्या कारकुनाला ते जमे. शाळेतल्या पोराचे काय?

थॉमस कँडीने हे मनावर घेतले. मराठीत विरामचिन्हे रुळली ती मुख्यतः त्याच्या खटपटीने. १८५० साली त्याने ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तकच काढले. त्याच्या मराठीला साहेबी वळण होते खरे. पण पानावर दम खायला जागा झाली, हे उपकार विसरू नयेत.

पुढे १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले. समोर गुरुजी नाहीत, तेव्हा पुस्तकालाच बोलते करावे लागले: घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्येच स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, शेवटी उत्तरे.

आता पाठ मोबाईलवर आला. झरी जामणीकडची एखादी कोलाम मुलगी, जिच्या घरची बोली कोलामी, तो उघडते. पण पडद्यावर काय दिसते? कित्येकदा टिपणांचे वाकडे फोटो, बारीक अक्षर, मथळ्याचा पत्ता नाही. डोळस मुलगी निदान बोटांनी पान मोठे करील. अंध विद्यार्थ्याने काय करावे? त्याचा मोबाईल मजकूर वाचून दाखवतो, पण नुसत्या फोटोपुढे बहुधा तोही अडतो. तोच मजकूर टंकून घातला, मथळ्याला मथळा म्हणून खूण केली, चित्राखाली दोन ओळींचे वर्णन दिले, की पाठ त्याच्याही कानी पडतो. खर्च म्हणाल तर एका संध्याकाळचा.