सुरजागडचे लोहखनिज व सशस्त्र संघर्ष

सुरजागड हा गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील लोहखनिजाने समृद्ध असा डोंगराळ प्रदेश होय. खनिजसंपत्ती व सशस्त्र संघर्ष यांच्या परस्परसंबंधाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख होतो. मात्र हा संबंध सरळ कार्यकारणाचा नाही. नक्षलवादी गट या भागात १९८० च्या सुमारास आले, तेव्हा वादाचे मुख्य विषय तेंदूपानांची मजुरी आणि वनकर्मचाऱ्यांची जाच करणारी वागणूक हे होते. लोहखनिज नंतर आले.

सिएरा लिओनमधील यादवी युद्धात (१९९१–२००२) बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रे मिळविली. मूठभर हिरे खिशातून नेता येतात. लोहखनिजाचे तसे नाही. त्याला रस्ते, मालमोटारी व कारखाने लागतात. ते लुटणे अवघड, परंतु त्याची वाहतूक रोखणे सोपे. सुरजागडचा संघर्ष म्हणूनच रस्ता आणि वाहन यांभोवती फिरत राहिला.

येथील सुमारे ३४८ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा लॉईड्स मेटल्स या कंपनीस २००७ मध्ये मिळाला. जून २०१३ मध्ये माओवाद्यांनी कंपनीच्या उपाध्यक्षासह तिघांची हत्या केली. डिसेंबर २०१६ मध्ये खनिज वाहतुकीची अनेक वाहने जाळली. २०१९ च्या जानेवारीत खनिजाच्या मालमोटारीच्या भीषण अपघातानंतर संतप्त लोकांनीच वाहने पेटविली आणि काम थांबले. हा उद्रेक माओवाद्यांचा नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. २०२१ मध्ये कडक पोलीस बंदोबस्तात उत्खनन पुन्हा सुरू झाले.

या डोंगरावर माडिया गोंडांचे दैवत ठाकूरदेव असून दरवर्षी जानेवारीत तेथे यात्रा भरते. अनुसूचित क्षेत्रासाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभांना अधिकार देतात. तथापि खाणीच्या विस्तारासंबंधीची ऑक्टोबर २०२२ मधील जनसुनावणी खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, जिल्ह्याच्या मुख्यालयी झाली. पुढे वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली. २०२३ मध्ये तोडगट्टा येथे ग्रामस्थांनी नव्या खाणींविरुद्ध अनेक महिने धरणे धरले. अशा निःशस्त्र विरोधकांची स्थिती सर्वांत बिकट असते: शासनाला त्यांच्यामागे माओवादी दिसतात, तर माओवाद्यांना खबऱ्यांचा संशय येतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने परिचित असलेल्या ज्येष्ठ माओवादी नेत्याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ग्रामसभांच्या संमतीचा प्रश्न मात्र त्यामुळे निकाली निघालेला नाही.